तीनशे एकोणनव्वद नंबरचं दार

पासवर्ड चुकला तर मशीन एक वाक्य दाखवतं आणि सर्व्हरच सापडला नाही तर दुसरं. दोन्ही वाक्यं इंग्रजीत असतात, दोन्ही पडद्यावर धडधडीत दिसतात, आणि आमच्या ऑफिसात दोन्हींचा अर्थ एकच लावतात: समोर बसलेल्या माणसाला काही येत नाही. या गोष्टीला बरेच महिने झाले. तरी आठवलं की माझ्या तळपायाची आग मस्तकात जाते, म्हणून एकदाचं लिहून टाकते आहे.

मी जबलपूरच्या एका सरकारी ऑफिसात नेटवर्कचं काम बघते. सरकारी नोकर नाही, ठेक्याच्या कंपनीकडून आलेली. म्हणजे काही बिघडलं की "मैडम को बुलाओ" आणि नीट चाललं की मॅडम कोण, कुठल्या, कुणाला ठाऊक नसतं. ऑफिसच्या दोन इमारती. जुनीत सर्व्हर, नवीत माणसं. दोन्हींच्या मध्ये फायरवॉल, म्हणजे कुठली माहिती पलीकडे जाऊ द्यायची आणि कुठली अडवायची हे ठरवणारी पेटी. ती माझ्या हातात, पण तिच्यात काही बदलायचं तर मंजुरी साहेबांची.

डिरेक्टरी म्हणजे काय ते आधी सांगते, कारण सगळं भांडण तिच्यावरून आहे. ऑफिसातल्या प्रत्येकाचं नाव, पासवर्ड, त्याला काय उघडायची मुभा आहे, हे सगळं एका सर्व्हरवर असतं. सकाळी तुम्ही मशीनवर नाव आणि पासवर्ड टाकला की मशीन त्या सर्व्हरला विचारतं, हा आपला माणूस का? सर्व्हर हो म्हणाला की तुम्ही आत. हे विचारणं नंबर दिलेल्या दारांतून होतं, त्यांना पोर्ट म्हणतात. यादीत नाव शोधायला तीनशे एकोणनव्वद. ओळख पटवायला अठ्ठ्याऐंशी. सगळ्यांचं सामायिक फोल्डर उघडायला चारशे पंचेचाळीस. आणि एक आहे एकशे पस्तीस, तो भारी चावट. तो म्हणतो, माझ्याकडे नुसती वर्दी द्या, पुढचं बोलणं वरच्या हजारो नंबरांपैकी कुठल्यातरी दारातून करू. त्यामुळे ती सगळी रांगच मोकळी ठेवावी लागते, नाहीतर सर्व्हरवर बसून ती रांग आखूड करून घ्यावी लागते. मी ती करून घ्यायला तयार होते.

पण तेवढी सवड कुणाला होती? वरून सुरक्षा तपासणी येणार होती. साहेबांनी माझ्याकडून फायरवॉलच्या नियमांची प्रिंट मागवली, त्यातली ती हजारो नंबरांची ओळ पाहिली आणि त्यांचे डोळे पांढरे झाले.

"इतने दरवाज़े खुले छोड़ रखे हैं आपने? ये ऑफिस है या धर्मशाला?"

मी सांगितलं, सर, ही दारं रस्त्यावर उघडत नाहीत. आपल्याच मशीनवरून आपल्याच सर्व्हरकडे, एवढ्यापुरतीच आहेत. बंद केली तर मशीन डिरेक्टरीला विचारू शकणार नाही, लॉगिन बंद पडेल. मी तसं लेखी दिलं. मग पुन्हा दिलं. साहेबांना तपासणीच्या अहवालात 'खुले पोर्ट' या शब्दांपुढे 'शून्य' लिहायचं होतं. बाहेरच्या वेबसाइटचं दार तेवढं ठेवा, कारण रोजचं काम तिथल्या सॉफ्टवेअरवर चालतं, बाकी सब बंद, असा हुकूम झाला. मी बंद केले.

आणि दुसऱ्या दिवशी सगळं ऑफिस छान चाललं. माझं तोंड काळं.

त्याचं कारण साधं आहे. एखादा माणूस एका मशीनवर आधी कधी बसलेला असेल, तर मशीन त्याचा पासवर्ड लक्षात ठेवतं. सर्व्हर सापडला नाही तर ते आपल्या आठवणीवर विसंबतं आणि ओळखीच्या माणसाला आत सोडतं. सोय म्हणून केलेली गोष्ट आहे, वाईट नाही. पण आमच्याकडे झालं असं की नव्या इमारतीतलं एकही मशीन कुणालाही काहीही विचारत नव्हतं, सगळी नुसत्या आठवणीवर चालली होती, आणि त्यालाच 'सिस्टम एकदम बढ़िया' म्हणत होते. सामायिक फोल्डर मेलं होतं. त्यावर लोकांनी पेनड्राइव्हचा तोडगा काढला. एकाच्या खिशातून दुसऱ्याच्या खिशात फाइली हिंडायला लागल्या, आणि ही म्हणे सुरक्षा. शिवाय 'पासवर्ड बदला' असा जो तगादा मशीन अधूनमधून लावायचं तो थांबला. लोक खूष. बडे बाबू, म्हणजे आमचे हेडक्लार्क, मला भर जिन्यात म्हणाले, "मैडम, ये आपने बहुत अच्छा किया."

साहेब तर माझ्याकडे बघून हसायचे. "देखा? कुछ बंद हुआ? आप लोग डराते बहुत हैं."

मी म्हटलं, सर, नवीन माणूस येऊ द्या, मग कळेल.

नवीन माणूस आला, ती वहिनी होती.

वहिनीचे यजमान आमच्याच ऑफिसात क्लार्क होते. मूळचे अमरावतीकडचे, आजोबांच्या वेळेला फॅक्टरीच्या नोकरीसाठी घर इकडे आलेलं, आमच्यासारखंच. मी त्यांना भाऊ म्हणायची. सबंध मजल्यावर माझ्याशी मराठी बोलणारं तेवढं एक माणूस. "काय ताई, आज काहून तोंड उतरलं?" असं लांबूनच ओरडायचे. ते हार्ट अटॅकने अचानक गेले. घरात म्हातारी सासू आणि शाळेत जाणारी मुलगी. वहिनीला अनुकंपेवर त्यांच्याच जागी घेतलं, प्रोबेशनवर. प्रोबेशनच्या शेवटी साहेबांनी लिहायचं, ही बाई कामाची आहे की नाही. कामाची नाही असं लिहिलं की संपलं. अनुकंपा एकदाच होते.

तिला भाऊंचीच खुर्ची दिली आणि भाऊंचंच मशीन. ते गेल्यापासून त्यावर कापड टाकून ठेवलं होतं. डिरेक्टरीत तिचं नाव मीच घातलं, पासवर्ड मीच दिला. दुसऱ्या इमारतीत सर्व्हरवर तिचं नाव व्यवस्थित होतं. पण तिच्या मशीनने तिला आधी कधी पाहिलंच नव्हतं, आणि विचारायला जाण्याचं दार बंद. तिने नाव टाकलं, पासवर्ड टाकला, आणि पडद्यावर सर्व्हर सापडत नसल्याचं ते दुसरं वाक्य आलं.

मी तेव्हा जुन्या इमारतीत होते. मला नंतर कळलं की तिने ते वाक्य नीट वाचलं होतं आणि बडे बाबूंना विचारलं होतं, "भैया, इसमें लिखा है डोमेन नहीं मिल रहा. डोमेन मतलब?"

बडे बाबू म्हणाले, "मतलब पासवर्ड गलत है, बहनजी. ध्यान से डालिए."

ती ध्यान देऊन टाकत राहिली. रोज सकाळी. शेजारचे लोक आधी मदतीला यायचे. बड़ा अक्षर, छोटा अक्षर, कैप्स लॉक देखिए. मग यायचे बंद झाले आणि हसायला लागले. हसणंही मोठ्याने नाही, तेवढी सभ्यता आहे आमच्याकडे. चहा पिताना, मान खाली घालून. सगळ्यांची मशीनं चालतात, एकटीचं चालत नाही, मग दोष कुणाचा? हिशोब सोपा. त्यातले कितीक जण बारा वर्षांत पासवर्डच्या जागी मुलाचं नाव आणि पुढे एक-दोन-तीन यापलीकडे गेलेले नाहीत. पण मशीन त्यांना ओळखतं, म्हणून ते हुशार.

मी साहेबांकडे गेले. दाराबाहेर थांबवलं गेलं, तरी गेले. म्हटलं, सर, हे पोर्टमुळे आहे, तिचा काही संबंध नाही. फक्त त्या मजल्यावरच्या मशीनपासून डिरेक्टरीच्या सर्व्हरपर्यंत, मोजकीच दारं उघडू द्या. वरची रांगही मी आखूड करून देते.

"तपासणीचं सर्टिफिकेट अजून यायचं आहे," हे त्यांनी हिंदीत, शांतपणे सांगितलं. "तब तक फायरवॉल को कोई हाथ नहीं लगाएगा. और मैडम, बाकी सबका चल रहा है ना?"

"सर, बाकी सब पुराने हैं."

"वही तो. नए को सीखना पड़ता है."

मी वहिनीकडे गेले आणि सगळं समजावून सांगितलं. दारं, नंबर, आठवण, सगळं. म्हटलं, यात तुमची काही चूक नाही. ती "हो ताई" म्हणाली. मग पुन्हा "हो ताई" म्हणाली. हिला काही समजलेलं दिसत नाही असं मला वाटलं, आणि खरं सांगते, मला तिचाही राग आला. अगं, भांड ना. टेबलावर हात आपट. ही पदर सावरून पुन्हा पासवर्ड टाकत होती.

मग तिला टपालाच्या टेबलावर बसवलं. पाकिटं फोडायची, शिक्के मारायचे. साहेबांनी बडे बाबूंना माझ्यासमोर सांगितलं की प्रोबेशनच्या अहवालात लिहावं लागेल, कंप्यूटर का ज्ञान शून्य. त्यांना शून्य फार आवडायचं.

एक दिवस जेवणाच्या सुट्टीनंतर मी त्या मजल्यावर एक तार बदलायला गेले होते. वहिनी टपालाच्या टेबलावरून उठून भाऊंच्या मशीनपुढे बसली होती. बडे बाबू पलीकडून म्हणाले, "रहने दीजिए बहनजी. भैया होते तो एक मिनट में खोल देते."

हे काही मुद्दाम टोचायला नव्हतं. तसा तो माणूस वाईट नाही. बोलण्याआधी विचार करत नाही, एवढंच. पण वहिनी थांबली. पडद्यावर कोपऱ्यात भाऊंचं नाव अजून होतं, शेवटी बसलेल्या माणसाचं राहतं तसं. तिने त्यावर बोट ठेवलं आणि मला म्हणाली, "ताई, यांचा पासवर्ड मला माहीत आहे. टाकून पाहू?"

मी नको म्हणायला हवं होतं, नियमाप्रमाणे. मी काहीच म्हणाले नाही. तिने टाकला.

मशीन उघडलं.

पडद्यावर फोटो आला, बरगीच्या धरणावरचा. बोटीत मुलगी, तिला फुगलेलं नारिंगी जॅकेट घातलेलं, आणि फोटो काढणाऱ्याची सावली तिच्या पायांवर. वहिनी रडली नाही. तिने फक्त हात मांडीवर ठेवले आणि बघत बसली.

मी मात्र पेटले. भाऊ गेले त्याच आठवड्यात मी स्वतः त्यांचं खातं डिरेक्टरीत बंद केलं होतं. तो माणूस जगात नाही, यादीत नाही, आणि मशीन त्याला म्हणतं या, बसा. जिवंत बायको यादीत आहे, तिला म्हणतं तू कोण? कुणाला विचारायची सोयच ठेवली नसेल तर ते बिचारं दुसरं काय करणार? मी खिशातला पेनड्राइव्ह लावला आणि आधी तो फोटो वहिनीसाठी काढून घेतला. कुणाला विचारलं नाही. त्या मजल्यावर पेनड्राइव्हला तसंही कोण विचारत होतं?

बातमी साहेबांपर्यंत पोचायला वेळ लागला नाही. ते स्वतः खाली आले. जी बाई इतके दिवस नापास होती ती आता गुन्हेगार झाली.

"मृत कर्मचारी की आईडी से लॉगिन? ये सिक्योरिटी ब्रीच है! इनसे स्पष्टीकरण लीजिए. मैं मुख्यालय को लिखूँगा."

चोर सोडून संन्याशाला सुळी, याहून दुसरं काय? वहिनी उभी राहिली होती, मान खाली. बडे बाबू भिंतीकडे बघत होते. मी तार तिथेच टाकली.

"ज़रूर लिखिए, सर," मी म्हटलं. "ये भी लिखिए कि जिसका खाता महीनों से बंद है, वो आपके ऑफिस में आराम से घुस गया. क्यों घुसा, ये जाँच वाले ज़रूर पूछेंगे. मैं उन्हें बता दूँगी. लिखकर तो मैं आपको पहले ही दे चुकी हूँ."

साहेबांचा चेहरा मी पाहिला. त्यात लाज नव्हती. एका बाईची भाकर आपण जवळजवळ काढून घेतली, असं काही त्या चेहऱ्यावर कुठे आलं असतं, तर मी आज हे लिहिलं नसतं. तिथे नुसती भीती होती, तपासणीवाल्यांची. इतके महिने ओरडून न्यायाच्या नावाने जे झालं नाही ते भीतीने एका वाक्यात झालं.

"कितनी देर लगेगी?" त्यांनी विचारलं.

मंजुरी हातात पडल्यावर मी त्याच दुपारी जुन्या इमारतीत जाऊन बसले. सर्व्हरवर वरची रांग आखूड केली. फायरवॉलमध्ये नियम लिहिले: या मशीनपासून या सर्व्हरपर्यंत, ही मोजकी दारं, दुसरं कुणी नाही. तीनशे एकोणनव्वद उघडलं. अठ्ठ्याऐंशी उघडलं. सहा महिने जे होत नव्हतं ते एका चहाच्या आत झालं, आणि त्याचाही राग आला. कठीण असतं तरी समजून घेतलं असतं.

परत येऊन वहिनीला म्हटलं, टाका. तिने आपलं नाव टाकलं, पासवर्ड टाकला. मशीनने यादीला विचारलं, यादी हो म्हणाली, आणि तिच्यासाठी कोरा निळा पडदा उघडला. आता सगळा मजला तिची माफी मागेल असं मी समजत होते. काय मूर्ख मी.

बडे बाबू टाळी वाजवून म्हणाले, "देखा? प्रैक्टिस से सब आ जाता है!"

आणि सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. मनापासून. त्यांना खरंच आनंद झाला होता, हे त्यातलं सगळ्यात वाईट. दुसऱ्या दिवशी साहेबांचा मेल आला. एका नव्या कर्मचाऱ्याला लॉगिनमध्ये अडचण होती, ती योग्य प्रशिक्षण देऊन दूर करण्यात आली, अशा अर्थाचा. पोर्टचं नाव नाही. फायरवॉलचं नाव नाही. त्या सकाळी बाकीच्यांच्या मशीननी यादीला विचारून झाल्यावर साचलेले 'पासवर्ड बदला'चे तगादे एकदम लावले, तेव्हा मात्र सगळ्यांनी माझं नाव घेतलं. काय बिघडवून ठेवलं मैडमने, म्हणून.

त्या आठवड्याच्या शेवटी वहिनी कमानिया गेटहून खोव्याची जलेबी घेऊन आली. अजून गरम होती, कागदाला तूप लागलेलं. पहिली प्लेट तिने साहेबांपुढे धरली. साहेब त्या दिवशी मुद्दाम खाली आले होते.

"सर, आपने बहुत धीरज रखा," ती म्हणाली. "नहीं तो मुझसे कहाँ होता."

साहेब हसले. "अरे, मेहनत तो आपकी है."

झालं. मी उठले आणि भर मजल्यात बोलले. काय बोलले ते शब्दशः आठवत नाही, पण हिंदीत बोलले आणि मोठ्याने बोलले. की हिची काही चूक नव्हती, हिचा पासवर्ड पहिल्या दिवसापासून बरोबर होता, चूक त्या वरच्या केबिनमध्ये होती, आणि तुम्ही सगळे हिला हसत होता तेव्हा तुमची स्वतःची मशीनं आंधळी होऊन चालली होती. सगळे ऐकत होते. कुणीतरी खुर्ची सरकवली. मग बडे बाबू म्हणाले, "अरे छोड़िए ना मैडम. मीठा खाइए."

वहिनीने प्लेट टेबलावर ठेवली, माझा दंड धरला आणि मला जिन्यात घेऊन गेली. इतका घट्ट धरला होता की मला दुखलं. तिचा असा आवाज मी कधी ऐकला नव्हता.

"काहून ओरडून राहिल्या ताई तुम्ही?"

"तुम्ही त्याचे आभार मानता? त्याचे? तुम्हाला कळतं का वहिनी, तुमचा पासवर्ड बरोबर होता!"

"मला माहीत नाही का?" ती म्हणाली. "पहिल्या दिवशीच माहीत होतं. वाचता येते मला. तुम्ही समजावलं तेही समजलं होतं सगळं, दारं नं फारं. रोज बरोबरच टाकून राहिली होती मी. ते हसत होते, तरी मी टाकून राहिली होती, काहून का नाही टाकला तर म्हणतील ही बसतच नाही."

"मग बोलला का नाहीत?"

"बोलून काय झालं असतं? तुम्ही तर बोललाच." तिने माझा दंड सोडला. "तुमचं बरं आहे ताई. तुम्ही आज इथं भांडाल, उद्या कंपनी तुम्हाला दुसऱ्या ऑफिसात पाठवेल. मला याच खुर्चीवर रिटायर व्हायचं आहे. अहवालावर सही अजून व्हायची आहे, नं ती तुमची नाही लागत. त्यांची लागते."

तिने पदर नीट केला, चेहरा नीट केला आणि आत गेली. जिन्यातून मला तिचा आवाज ऐकू आला, नेहमीचा, मऊ.

"सर, एक और लीजिए ना."

साहेबांनी घेतली.